बिनब्रेकची आठ चाकं

आमच्या घरात आठ चाकांचं वाहन एकच आहे, आणि ते मी पायात घालते.

मी बारामतीत अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. गेली बावीस वर्षं मी दरसाल फळ्यावर एक उतार काढते, त्यावर एक ठोकळा ठेवते आणि तो ठोकळा खाली का घसरत नाही हे साठ मुलांना समजावून सांगते. (ठोकळ्याला ते आधीपासून माहीत असतं. मुलांना शेवटपर्यंत कळत नाही.) त्यामुळे घर्षण या विषयात आपला हात धरणारं कुणी नाही, असं मी समजून चालले होते. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात माझ्या अब्रूला एवढाच काय तो आधार आहे.

सुरुवात झाली सकाळच्या फिरण्यातून. वजन, गुडघे आणि शेजारच्या दोघी अशा तीन कारणांसाठी मी रोज कन्हेरीच्या रस्त्याला फिरायला जाते. एके दिवशी आम्ही तिघी सुनांच्या विषयात चांगल्या रंगलो होतो (मला सून नाही, पण या विषयाला ती लागत नाही) आणि मागून सर्रकन काहीतरी गेलं. जाता जाता ते ‘गुड मॉर्निंग मॅडम’ म्हणालं. मी मान वळवून उत्तर देईपर्यंत ते पुढच्या वळणावर पोचलं होतं. मग ते गोल वळून परत आलं तेव्हा कळलं, की ही ऋतुजा. आठ वर्षांपूर्वी माझ्या वर्गात होती. घर्षणाच्या चाचणीत मी तिला पन्नासपैकी नऊ मार्क दिले होते, तेही अक्षर चांगलं म्हणून. आणि आज तीच मुलगी दोन्ही हात पाठीशी बांधून, कमरेत वाकून, जराही न दमता माझ्याभोवती फेऱ्या मारत माझ्याशी बोलत होती. धाप मला लागली होती, आणि मी तर उभी होते.

ती म्हणाली की ती स्पीड स्केटिंगचा क्लास घेते. जवळच्याच एका मंगल कार्यालयाच्या मागे गाड्या लावायचं सिमेंटचं मोठं मैदान आहे, तिथे. लग्न असेल त्या दिवशी सुट्टी. (पंचांग बघून वेळापत्रक लागणारा हा जगातला एकमेव खेळ असावा.) मी सहज विचारलं, की कितव्या वर्षापासून शिकता येतं. ती म्हणाली, पाचव्या. मी म्हटलं, तसं नाही, कितव्या वर्षापर्यंत? तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि मी तिला जे नऊ मार्क दिले होते त्याचा राग मनात न ठेवता म्हणाली, “मॅडम, तुम्ही येणार असाल तर आपण चाळिशीच्या पुढचा गट काढू.”

दुपारी तिने सामानाची यादी फोनवर पाठवली. स्केट्स, हेल्मेट, गुडघ्याचे पॅड, कोपराचे पॅड, मनगटाचे गार्ड, हातमोजे, पायमोजे आणि स्किन सूट. म्हणजे खेळायची वस्तू एक आणि पडायच्या वस्तू पाच. एखाद्या शहाण्या बाईने यावरूनच काय ते ओळखलं असतं.

यादी आमच्या ह्यांनी मोठ्याने वाचून काढली. हे जनावरांचे डॉक्टर आहेत. सगळा तालुका त्यांना डॉक्टर म्हणतो, म्हणून मीही डॉक्टरच म्हणते. ‘स्किन सूट’ला ते थांबले. तो गळ्यापासून मांडीपर्यंत एकाच तुकड्याचा असतो, अंगाला घट्ट बसतो आणि त्यामुळे हवेचा विरोध कमी होतो, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे, तारीख उलटून गेलेल्या गाभण म्हशीकडे बघतात तसं शांतपणे बघितलं. “तो राहू दे,” ते म्हणाले. “हवेचा विरोध नंतर बघू. आधी जमीन काय म्हणते ते बघ.” शेवटी त्यांचीच एक जुनी ट्रॅक पँट आणि माझा खादीचा कुर्ता यावर तडजोड झाली. ओढणी चाकात जाते म्हणून ऋतुजाने तिच्यावर बंदी घातली होती.

खेळाच्या दुकानात दुकानदाराने विचारलं, “मुलगी कितवीत आहे?” मी म्हटलं, मुलगी पुण्याला नोकरी करते. “मग नातू का?” मी म्हटलं, माप माझ्या पायाचं घ्या. त्याने खुर्ची पुढे सरकवली, मला बसवलं आणि आतून पाणी मागवलं. मग त्याने खोका उघडला. घोट्याच्या खालीच संपणारा कडक बूट, त्याखाली एका रांगेत पुरीएवढी चार चाकं. दोन्ही मिळून आठ. एकेका चाकात दोन बेअरिंग, म्हणजे सोळा. त्याने बोटाने एक चाक फिरवलं, ते तो मला बुटाचे बंद कसे आवळायचे हे दाखवेपर्यंत फिरतच राहिलं. मी विचारलं, ब्रेक कुठे आहे? “स्पीडच्या स्केटला ब्रेक नसतो मॅडम,” तो म्हणाला. “ब्रेकवाले वेगळे येतात. लहान पोरांचे.” आता हे ऐकल्यावर ब्रेकवाले मागायची सोय उरली नाही.

पहिला आठवडा मी कसा घालवला, तर बसून. उभी राहिले की स्केट्स पुढे जायचे आणि मी होते तिथेच बसायची. आमच्या गटात चौघं होतो. एक दाताच्या डॉक्टरीणबाई, एक पिठाच्या गिरणीच्या मालकीणबाई, रिटायर झालेले तलाठी भाऊसाहेब आणि मी. बाकीचे तिघे हळूहळू पुढे सरकू लागले. ऋतुजाने आम्हाला थांबायची पद्धतही शिकवली. एक पाय मागे आडवा टाकून घासत आणायचा. बाकीच्यांनी ती घटवली. मला तिची गरज भासली नाही, कारण मी मुळात थांबलेलीच असायचे. घरी आल्यावर डॉक्टर माझे हातपाय दाबून बघायचे आणि चालून दाखव म्हणायचे. एकदा तर सवयीने त्यांनी माझी जीभही बघितली.

दुसऱ्या आठवड्यात ऋतुजाने जाहीर केलं, की पुढच्या रविवारी आपल्या गटाची शर्यत. मैदानाच्या दोन फेऱ्या, घरच्यांना घेऊन या. बाकीचे हसले. मी हसले नाही. मला शर्यत हवीच होती, आणि कुणाला घेऊन यायचं हेही माझं ठरलं होतं.

माझं माहेर इंदापूर तालुक्यातलं निरवांगी. मी पाचवीत गेले तेव्हा आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला सायकल आणली. शाळा वस्तीपासून चांगली लांब. मी सायकलवर, आणि मागे कॅरिअर धरून आबा पळतायत, अशी आमची वरात रोज निघायची. आज सोडतील, उद्या सोडतील असं करता करता मी दहावी झाले, पण आबांनी कॅरिअर सोडला नाही. या काळात मी सायकल शिकले नाही, आबा मात्र उत्तम पळायला शिकले. मी मागे बघितलं की धोतर खोचलेले आबा म्हणायचे, “म्होरं बघ. मी हाय.” पुढे मी स्कूटी घेतली तेव्हा त्यांनी फोनवर विचारलं होतं, मागं कोण बसणार हाय? मला याचा राग कधी आला नाही असं नाही. पण रागापेक्षा एक इच्छा जास्त होती. आबांनी एकदा, एकदाच, मला कुणीही धरलेलं नसताना चाकांवर जाताना बघावं. आबा आता शहात्तर वर्षांचे, मी एकोणपन्नासची. आणखी किती थांबायचं?

मी त्यांना सावकाश सांगणार होते, पण डॉक्टरांनी बोलता बोलता फोनवर सांगून टाकलं. आबांचा पहिला शब्द अपेक्षेप्रमाणे ‘पडंल’ हा होता. दुसरं वाक्य मात्र अपेक्षेबाहेरचं होतं. म्हणाले, शनिवारी ते यंत्र हिकडं घिऊन या, मला बघायचंय.

निरवांगीला पोचलो तर आबा अंगणात बाजेवर तयारच बसलेले. त्यांनी एक स्केट हातात घेतला, उलटा केला आणि बैलाचा खूर बघावा तसा डोळ्यांजवळ नेला. आबांनी आयुष्यात दोन ट्रॅक्टर, एक ट्रॉली आणि एक कडबाकुट्टी घेतलेली आहे. यंत्र म्हटलं की ते कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत.

“ह्याला बिरेक कुठं हाय?”

“नसतो, आबा.”

“नसतो म्हंजी? कंपनीनं दिला न्हाय, का तू घेतला न्हाईस?”

मी त्यांना समजावलं, की या प्रकाराला ब्रेक नसतोच, पाय घासून थांबायचं असतं. वीस मिनिटं समजावलं. मधे जमिनीवर काडीने आकृतीही काढली. आबांनी आकृती नीट बघितली आणि माझ्या भावाला हाक मारून सांगितलं, की लिंबं तोडून आण, आठ.

कारण पूजेशिवाय नवीन चाक आमच्या अंगणातून बाहेर जात नाही. ट्रॅक्टर असो नाहीतर बाळाची तीनचाकी, हळदकुंकू, हार, नारळ आणि चाकाखाली लिंबू. लिंबू चिरडून गाडी पुढे गेली की झालं. आता गाडी आठ चाकांची, म्हणून लिंबं आठ. हा हिशोब बरोबर होता. चूक एवढीच झाली, की लिंबू चिरडायला गाडीत ड्रायव्हर लागतो हे माझ्या आधी आबांच्या लक्षात आलं.

मला अंगणातल्या कोब्यावर स्केट्स घालून उभं केलं. एका बाजूने भाऊ, दुसऱ्या बाजूने डॉक्टर आणि मागून अर्थातच आबा. वहिनीने स्केट्सना हळदकुंकू लावलं, चाकांना हार घातला, आणि मला गाडीचाच भाग समजून हेल्मेटवरही स्वस्तिक काढलं. मग चाकांखाली लिंबं ठेवली. ट्रॅक्टरचं चाक लिंबावरून गेलं की लिंबाचा चेंदामेंदा होतो. स्केटचं चाक लिंबावर चढतं, आणि मग लिंबू, चाक आणि त्यावरची बाई अशी तिघं मिळून निघतात. मी निघाले. भाऊ उजवीकडे पडला, डॉक्टर डावीकडे. आबांनी मात्र माझ्या कुर्त्याचा मागचा घेर धरून ठेवला होता, तो सोडला नाही. वहिनीने त्याच घाईत नारळ फोडला आणि सगळं पाणी चाकांत गेलं.

मी म्हटलं, आबा, बेअरिंगमध्ये पाणी गेलं तर गंजतील. आबा म्हणाले, “ऱ्हाऊ दे हितंच. सकाळी सर्व्हिसिंग करून देतो.”

दुसऱ्या दिवशी मी उठले तेव्हा आबा ट्रॅक्टरच्या शेडमध्ये होते. माझ्या पिशवीतल्या स्केट्स खोलायच्या किल्ल्या त्यांच्यापुढे ओळीने मांडलेल्या, डोळ्यांवर चष्मा, आणि जुन्या धोतराच्या फडक्यावर सुटी केलेली आठ चाकं. मी चहा घेऊन गेले तर म्हणाले, तितंच थांब, बारीक काम हाय. जेवणाच्या वेळेला त्यांनी स्केट्स माझ्या हातात दिले. इतके लख्ख होते, की मला भरून आलं. मी त्यांना म्हटलं, पुढच्या रविवारी बारामतीला या, शर्यत बघायला. “येतो की,” आबा म्हणाले. फार सहज म्हणाले. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

सोमवारी मैदानावर चमत्कार झाला. मी स्केट्सवर उभी राहिले आणि उभीच राहिले. पाय पुढे पळेनात. पाऊल टाकावं तेवढंच पुढे जावं, ढकलावं तेवढंच सरकावं. मी एक फेरी मारली. न पडता. मंगळवारी दोन मारल्या. भाऊसाहेब थांबून बघायला लागले. दाताच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, की एकदम हे कसं जमलं? आणि इथे माझ्यातली शिक्षिका जागी झाली. मी त्या तिघांना कठड्यावर बसवलं आणि गुरुत्वमध्य या विषयावर अर्धा तास व्याख्यान दिलं. गुडघे वाकवले की गुरुत्वमध्य खाली येतो, तो खाली आला की तोल सांभाळतो, घसरण्याची भीती बाळगू नका, घर्षणाशी मैत्री करा, वगैरे. गिरणीच्या मालकीणबाईंनी हे लिहून घेतलं.

बुधवारी मी अकरावीच्या वर्गातही हाच दाखला दिला. म्हटलं, मुलांनो, बावीस वर्षं मी हे तुम्हाला फळ्यावर शिकवत आले, या आठवड्यात ते माझ्या पायांनी सिद्ध केलं. वर्गाने टाळ्या वाजवल्या. दम मात्र विलक्षण लागत होता. दोन फेऱ्या झाल्या की मी घामाने निथळायचे आणि घरी येऊन चार भाकऱ्या खायचे. डॉक्टर म्हणाले, की नांगराचा बैल सोडल्यावर असा दिसतो. मी म्हटलं, याला खेळाडूची मेहनत म्हणतात. ऋतुजा त्या आठवडाभर लहान मुलांच्या तयारीत होती. तिने लांबूनच अंगठा दाखवला आणि ओरडून म्हणाली, मॅडम, ताकद छान लावताय!

रविवारी आबा आले. पांढरी स्वच्छ टोपी, इस्त्रीचा नेहरू शर्ट, हातात काठी. ते काठी वापरत नाहीत, नुसती बाळगतात. मैदानाच्या एका टोकाला ऋतुजाने कार्यालयाच्या गाद्या भिंतीला लावून ठेवल्या होत्या, चाळिशीच्या पुढच्यांसाठी. पलीकडे एका टेबलावर पोहे आणि चहा. आबांनी सगळं मैदान चालून बघितलं, दोन ठिकाणी टाचेने सिमेंट ठोकून बघितलं आणि खुर्चीवर जाऊन बसले.

शर्यतीआधी ऋतुजा एकेकाचे स्केट्स तपासत होती. माझा स्केट तिने उचलला आणि बोटाने चाक फिरवलं. चाक अर्धा वळसा फिरलं आणि थांबलं. तिने दुसरं फिरवलं. तेही थांबलं. आठही चाकांनी तेच केलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि अगदी हळू विचारलं, “मॅडम, यात काय भरलंय?”

मी स्केट नाकाजवळ नेला. तो वास मी कुठेही ओळखला असता. त्या वासाच्या अंगणात मी लहानाची मोठी झाले. ते ट्रॅक्टरचं ग्रीस होतं.

मी तशीच, एका पायात स्केट आणि एका पायात मोजा, आबांच्या खुर्चीपाशी गेले.

“आबा, बेअरिंगात ग्रीस भरलंत?”

“व्हय,” आबा म्हणाले. लपवायचं त्यांना काही कारणच वाटत नव्हतं. “सोळा हायती. एकेकाचं टोपण काढून भरलं. लई बारीक असतंय ते, हात थरथरत्यात आता.”

“पण कशाला?”

“तूच म्हनलीस न्हवं, बिरेक न्हाय म्हणून.”

आठवडाभर मी ज्याला तोल म्हणत होते, गुरुत्वमध्य म्हणत होते, ज्याच्यावर दोन व्याख्यानं दिली होती, ते आबांचं ग्रीस होतं. बावीस वर्षं घर्षण शिकवणाऱ्या बाईला पायाखालचं घर्षण ओळखता आलं नाही. आणि शाळेतून निघून तेहेतीस वर्षं झाली तरी आबांनी माझा कॅरिअर सोडलेला नव्हता. मला राग आला. खूप आला. आणि त्याच वेळी शहात्तर वर्षांचा माणूस फडक्यावर वाकून, थरथरत्या हातांनी सोळा बेअरिंगांची टोपणं काढतोय हेही डोळ्यांपुढे आलं, आणि मला त्यांच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं. दोन्ही एकदम करता येईना, म्हणून मी नाक ओढलं.

ऋतुजाकडे चाकांचा एक जास्तीचा संच होता. ती म्हणाली, मॅडम, पाच मिनिटांत बदलते. आबा खुर्चीतून उठले. म्हणाले, “बदलू नगं. हाय तेच बरं हाय.”

मी म्हटलं, “आबा, आज धरू नका.”

एवढंच म्हटलं. आबांनी टोपी काढली, तिच्यात बघितलं आणि परत घातली. मग “बरं” म्हणाले आणि काठी टेकत गाद्यांच्या बाजूला जाऊन उभे राहिले. त्या दिवशी मी त्यांना काठी टेकताना पहिल्यांदा बघितलं.

ऋतुजाने चाकं बदलली आणि शिटी वाजली. माझे पाय निघाले. मी त्यांच्या मागोमाग निघाले. ग्रीस नसलेलं चाक म्हणजे काय असतं याची मला काही कल्पनाच नव्हती. मी ढकलत नव्हते तरी जात होते. कानात वारा घोंघावत होता, डावीकडून कार्यालय, उजवीकडून बोअरवेल, पुन्हा कार्यालय. सगळं जग धूसर झालं होतं. (चष्मा ओठावर आला होता.) तोंडातून एक आवाज निघत होता, तो माझाच होता असं नंतर कळलं. पण मी पडले नाही. पहिली फेरी झाली, पडले नाही. दुसरीतही पडले नाही. कुणाचा हात मागे नव्हता, मी वळून बघितलं नाही, आणि शेवटची रेघ माझ्या पायाखालून गेली. चौघांत चौथी, पण गेली.

तेव्हा मला आठवलं, की थांबायचं कसं हे मी शिकलेच नाही.

समोर गाद्या होत्या. गाद्यांच्या पुढे आबा होते. काठी टाकून, दोन्ही हात पसरून उभे. मी “सरका, सरका” म्हणत होते, ते सरकले नाहीत. पुढच्या क्षणी मी, आबा आणि कार्यालयाच्या चार गाद्या असा एक ढीग झाला. डॉक्टर धावत आले. आधी सासऱ्यांना तपासलं, मग मला. माझ्या कुशीवरून बोटं फिरवत त्यांनी बरगड्या मोजल्या, परत मोजल्या, आणि त्यांचा चेहरा उतरला. “एक जोडी कमी भरतेय,” ते म्हणाले. मग स्वतःच सावरले. म्हशीला तेरा जोड्या असतात, माणसाला बाराच.

आबा गादीवर बसून टोपी शोधत होते.

“लागलं का गं?”

“नाही. तुम्हाला?”

“मला काय हुतंय.” टोपी सापडली, ती त्यांनी गुडघ्यावर झटकली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “परत एकदा जा की. मला दिसलं न्हाय. डोळं मिटलं व्हतं.”

मी उठले. बाकीची मंडळी पोह्यांकडे गेली होती. ऋतुजा काही न विचारता पलीकडच्या टोकाला, मला धरायला जाऊन उभी राहिली. डॉक्टरांनी फोन काढून व्हिडिओ सुरू केला. आबा मैदानाच्या मधोमध उभे राहिले, आणि त्यांनी दोन्ही हात मागे नेऊन एकमेकांत घट्ट धरून ठेवले. ते हात पुढे येऊ नयेत म्हणून धरलेत, हे मला लांबूनही दिसत होतं. मी निघाले. पुन्हा तो वारा, पुन्हा ते कार्यालय आणि बोअरवेल. या खेपेला चष्मा जागेवर होता, त्यामुळे मधे उभे असलेले आबा मला पूर्ण फेरीभर दिसत राहिले. ते जागच्या जागी वळत होते, डोळे सताड उघडे ठेवून. मी आयुष्यात इतकी खूश कधी झाले नव्हते.

ऋतुजाने मला पकडलं आणि आबांपाशी आणलं. मी धापा टाकत विचारलं, आबा, बघितलंत?

“बघितलं,” आबा म्हणाले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मैदानाकडे बघितलं. “एवढंच व्हय?”

“म्हणजे?”

“मला वाटलं, लई जोरात जातीस.” त्यांच्या चेहऱ्यावर जो निवांतपणा पसरला तो मी तोवर कधी पाहिला नव्हता. “ह्याला काय भ्यायचं, जा की रोज.” आणि ते पोहे खायला निघून गेले.

मला हे जरा लागलं. मी वाऱ्यासारखी गेले होते आणि आबांचं आपलं भलतंच. पुरावा म्हणून मी डॉक्टरांच्या हातातून फोन घेतला आणि व्हिडिओ लावला. त्यात मी दिसते. कमरेत वाकलेली, दात आवळलेली, हेल्मेटवर स्वस्तिक. माझ्या मागून तलाठी भाऊसाहेब येतात. त्यांच्या पायात चपला आहेत आणि हातात पोह्यांची बशी आहे. ते पोह्यांवर लिंबू पिळतात, फोडीतली बी काढून बाजूला टाकतात, आणि चालत मला मागे टाकून पुढे निघून जातात.